गिअरबॉक्सचे तेल काय सांगते?

ट्रॅक्टरच्या इंजिनाचे तेल आपण वेळच्या वेळी बदलता. गिअरबॉक्सचे मात्र विसरून जाता. बहुतेक ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल आणि लिफ्ट यांना एकच तेल असते. ते बिघडले की ऐन पेरणीत काम अडते.

अनेक मॉडेलांत हे तेल सुमारे १००० तासांनी बदलतात. नेमके तास आपल्या पुस्तिकेत पाहावेत.

ट्रॅक्टर थोडा चालवून तेल कोमट करावे. सपाट जागी उभा करून लिफ्ट खाली सोडावी, इंजिन बंद करावे, चाकांना दगड लावावेत. मग खालचे बूच काढून तेल मोठ्या, स्वच्छ भांड्यात घ्यावे.

आता तेल नीट पाहा. दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. भाताच्या चिखलणीनंतर हे जरूर तपासा. काळे व जळक्या वासाचे असेल तर ते फार तापले आहे. बुचाला चुंबक असल्यास त्यावर राखाडी, मऊ थर दिसतो. त्याची काळजी नको. पण चमकदार कपचे किंवा दाताचा तुकडा सापडला, तर ट्रॅक्टर चालवू नका, मेस्त्रीला बोलवा. गिअर आपोआप सुटणे, खरखर येणे, लिफ्ट धक्के देत उचलणे हीही धोक्याची लक्षणे होत.

गाळणी साफ करावी किंवा बदलावी. पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचेच तेल खुणेपर्यंत भरावे. जुने तेल ओढ्यात वा विहिरीजवळ ओतू नये. झाकणाच्या डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्यावे.

शेवटी तारीख आणि मीटरवरचे तास वहीत टिपून ठेवा. पुढच्या वेळी ती नोंदच आठवण देईल.