माटुंग्याची रंगविद्या

आजच्या उल्हासनगरच्या जागी दुसऱ्या महायुद्धात कल्याणचा लष्करी तळ होता. तिथल्या सैनिकाच्या खाकीपासून लुगड्याच्या काठापर्यंत मुंबईच्या गिरण्यांना रंग लागायचा, आणि चांगला कृत्रिम रंग बहुतेक परदेशातून यायचा. त्यात जर्मनीच्या आय. जी. फार्बेनचा वाटा मोठा. १९३९च्या सप्टेंबरात ती वाट बंद झाली.

रंगाची विद्या शिकवणारा मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी असलेलं 'यूडीसीटी', १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झाला होता. १९३८पासून त्याची धुरा डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन यांच्याकडे होती. ते विभागाचे पहिले भारतीय संचालक. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकलेले आणि लाहोरला शिकवून आलेले. युद्ध चालू असतानाच, १९४३ साली, विभागाचं बिऱ्हाड माटुंग्याच्या नव्या वास्तूत आलं.

रंगाच्या रसायनज्ञाचं रोजचं काम चिकाटीचं असतं. अमाइन आम्लात विरघळवायचं, भांडं बर्फात ठेवायचं आणि सोडियम नायट्राइट थेंबाथेंबाने सोडायचं. तापमान पाच अंशांच्या वर गेलं की डायझो संयुग फुटू लागतं; मुंबईच्या मे महिन्यात बर्फ हेच निम्मं काम. मधूनमधून स्टार्च-आयोडाइडचा कागद टेकवायचा. तो लगेच निळा पडला की नायट्राइट पुरेसं झालं. मग नॅप्थॉलमध्ये भिजवलेलं कापड त्यात बुडवलं की डोळ्यांदेखत लाल रंग चढतो. खरी परीक्षा मात्र पुढेच. पट्टी साबणात उकळायची, अर्धी झाकून उन्हात ठेवायची, आणि झाकलेला भाग उघड्याशी ताडून बघायचा.

खाकीचं तंत्र आणखी वेगळं. कापड लोह आणि क्रोमियमच्या क्षारांत भिजवून अल्कलीत टाकलं की दोन्हींची ऑक्साइडं धाग्यातच बसतात. हा रंग उन्हाला दाद देत नाही.

शास्त्रज्ञाचा पत्रव्यवहार फक्त टपालाच्या पाकिटातून चालत नाही. शोधनिबंध हीही एकमेकांना लिहिलेली पत्रंच. १९३३-३४च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्सन बेकर आणि लाहोरला वेंकटरामन एकाच अभिक्रियेपर्यंत स्वतंत्रपणे पोचले. आज ती दोघांच्या नावाने शिकवली जाते. युद्धाने असा संवाद जर्मनीशी तोडला. शिवाय पेटंटमध्ये कारखान्याची खरी हातोटी कधीच पुरती उघड केलेली नसते.

ती उघडी पडली युद्ध संपल्यावर. दोस्त राष्ट्रांची तज्ज्ञ पथकं जर्मन कारखान्यांत शिरली आणि त्यांनी प्रक्रियांचे बीआयओएस, एफआयएटी या नावांचे अहवाल छापले. हे विखुरलेले कागद वेंकटरामन यांनी वाचले, पडताळले आणि शास्त्राच्या चौकटीत बसवले. 'द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज' हा त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १९५२ साली निघाला. पुढे ही मालिका आठ खंडांपर्यंत गेली. एका मोठ्या उद्योगाची झाकून ठेवलेली विद्या विद्यार्थ्याच्या टेबलावर आली, हे मला त्यांच्या पद्मभूषणापेक्षाही मोठं वाटतं. १९५७ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

यूडीसीटी आज 'इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी' या नावाने स्वतंत्र विद्यापीठ आहे. त्या काळात तिथे शिकलेल्यांच्या घरी, बदलापुरात असो वा दादरला, जुन्या प्रयोगवह्या, रंगवलेल्या पट्ट्या किंवा गुरुजनांची पत्रं असतील, तर ती रद्दीत घालू नका. संस्थेच्या ग्रंथालयाशी एकदा बोला.