धनुष्य कशाचें करावें ?

गेल्या दसऱ्यास आमच्या नातवानें वेळूचें धनुष्य केलें. दोरी ओढतांच तें कडाडून मोडलें आणि एक ढलपी त्याच्या डोळ्याखालीं बोटभर अंतरावर रुतली. ईश्वरकृपेनें डोळा वाचला. परंतु "आजोबा, धनुष्य मोडलें कां ?" या त्याच्या प्रश्नास आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. 'शार्ङ्ग म्हणजे शिंगाचें धनुष्य' हा अर्थ आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें सांगितला. तें शिंगाचेंच कां, हें विचारण्याचें मात्र आम्हांस कधीं सुचलें नाहीं.

धनुष्य वाकलें म्हणजे त्याच्या दोन्ही भुजांच्या बाहेरील अंगास, म्हणजे पाठीस, ताण पडतो, आणि आपल्याकडील अंगास, म्हणजे पोटास, दाब. म्हशीचें शिंग दाब उत्तम सोसतें; जनावराच्या कंडरा ताण सोसतात. म्हणून जुने कारागीर मध्यें लाकूड, पोटास शिंग व पाठीस कंडरा सरसानें बसवीत. इंग्लंडांतील लांब धनुष्यांत यू वृक्षाचें एकच लाकूड दोन्ही कामें करी : पाठीस सालीलगतचें फिकें लाकूड, पोटास गाभा. १५४५ सालीं बुडालेल्या व १९८२ सालीं वर काढलेल्या 'मेरी रोझ' या जहाजावर अशीं शंभराहून अधिक धनुष्यें सांपडलीं.

तथापि द्रव्याची निवड हवामानावरही अवलंबून असते. सरस दमट हवेंत मऊ पडतो. तेव्हां पावसाळी मुलखांत शिंगाचें धनुष्य फार जपावें लागे. आपल्याकडे पोलादी धनुष्येंही होत. त्यांस सरसाची चिंता नव्हती. कौटिल्यानेंही ताड, वेळू, लाकूड आणि शिंग अशीं चार द्रव्यें सांगितलीं आहेत. आज स्पर्धेंतील धनुष्यांच्या भुजांत फायबरग्लास व कार्बन यांचे थर असतात, तत्त्व तेंच.

आतां नातवाची चूक पाहूं. वेळूचे चिवट तंतु सालीलगत सर्वांत दाट असतात. त्यानें शोभेसाठीं बाहेरील बाजू तासली व ताण सोसणारे तेच तंतु कापले. ज्या घरीं मुलें असा उद्योग करतात, तेथील वडील मंडळींस आमची विनंति एवढीच : कामटी वाळलेली व निर्दोष घ्यावी, पाठीस सुरी लावूं नये, पोटाकडून थोडें थोडें तासून दोन्ही भुजा सारख्या वाकतात कीं नाहीं हें पाहावें, आणि बाणावांचून दोरी ओढून सोडूं देऊं नये.

यंदा नातू दुसरें धनुष्य करीत आहे. या वेळीं आम्ही शेजारीं बसलों आहों. शिकविण्यास नव्हे, शिकण्यास.