दप्तर हलके करताना : जुन्या जमीन-कागदांच्या प्रतिमा आणि संक्षेपणाचे शास्त्र

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे गाव चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या साखर कारखान्याभोवती वाढले असून आज ते महाळुंग-श्रीपूर नगरपंचायतीत मोडते. या पट्ट्यात कारखान्यांच्या उसासाठी खंडाने दिलेल्या जमिनी १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर राज्य शेती महामंडळाकडे गेल्या आणि दीर्घ लढ्यानंतर त्या खंडकऱ्यांना परत देण्याचे धोरण शासनाला स्वीकारावे लागले. अशा जमिनीवरील हक्काचा माग जुना सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा यांतूनच काढावा लागतो. आज ऑनलाइन मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा हा संगणकात भरलेल्या माहितीचा उतारा असतो. हस्तलिखित फेरफार मात्र स्कॅन केल्यावर केवळ चित्र म्हणून साठतो, आणि त्या चित्राचा आकार कमी करताना नेमके काय गमावले जाते, हा प्रश्न तेथून पुढे हक्काच्या पुराव्याचा होतो.

असंक्षेपित चित्र जड का असते, हे साध्या गणिताने कळते. ए-४ आकाराचा कागद इंचाला ३०० ठिपके या घनतेने स्कॅन केला, तर २,४८० गुणिले ३,५०८ म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या व निळ्या छटेसाठी एकेक बाइट धरल्यास एक पान २६ मेगाबाइटचे आणि शंभर पानांची नोंदवही २.६ गिगाबाइटची भरते. टिफ किंवा बीएमपी स्वरूपातील असंक्षेपित फाइल हे सारे ठिपके जसेच्या तसे ठेवते, त्यामुळे ती विश्वासार्ह असली तरी ईमेलने पाठवण्यास वा संकेतस्थळावर चढवण्यास गैरसोयीची ठरते.

हीच फाइल जेपेग स्वरूपात आणली की ती दहाव्या हिश्श्यावर येऊ शकते. या पद्धतीच्या गाभ्याशी असलेले ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ हे गणित बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केले, तर जेपेगचे मानक १९९२ साली मंजूर झाले. यात चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटींत विभागले जाते; प्रत्येक चौकटीतील सावकाश बदलणाऱ्या छटा आणि झपाट्याने बदलणारे बारकावे वेगळे काढले जातात, आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे ढोबळ आकड्यांत बसवून बहुतांशी शून्य केले जातात. आकाश किंवा चेहरा यांच्या छायाचित्रात ही काटछाट खपून जाते. हस्तलिखितात मात्र शाईची कड हाच झपाट्याने बदलणारा बारकावा असल्याने जास्त दाबलेल्या फाइलमध्ये अक्षराभोवती करडे डाग उमटतात आणि घाईत लिहिलेला ‘१’ व ‘९’ यांतील फरक, म्हणजेच गुंठ्यांचा हिशेब, संशयास्पद होतो.

कागद निव्वळ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत साठवणे हा दुसरा मार्ग. फॅक्सयंत्रांसाठी तयार झालेली ‘ग्रुप-४’ ही पद्धत अशा चित्राचा एकही ठिपका न गमावता त्याचा आकार कमी करते. तथापि नुकसान त्याआधीच झालेले असते, कारण पेन्सिलीची फिकी खूण किंवा पुसट जांभळा शिक्का काळा की पांढरा हे यंत्रानेच ठरवलेले असते. याहून गंभीर इशारा २०१३ साली जर्मनीत मिळाला. डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले, की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या बांधकाम-नकाशात खोलीचे क्षेत्रफळ २१.११ चौरस मीटरऐवजी १४.१३ असे उमटत होते. त्या यंत्रांतील ‘जेबिग-२’ ही पद्धत सारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकच मानून एकीच्या जागी दुसरी बसवत होती. धूसर आकडा वाचणाऱ्याला निदान सावध तरी करतो. येथे चुकीचा आकडा स्वच्छ आणि ठसठशीत होता.

म्हणून दप्तराच्या कामात दोन प्रती ठेवण्याची रीत रूढ झाली आहे. मूळ प्रत असंक्षेपित टिफमध्ये, किंवा एलझेडडब्ल्यूसारख्या हानिरहित, म्हणजे उलगडल्यावर प्रत्येक ठिपका परत देणाऱ्या, पद्धतीने साठवली जाते. वाचकाला दिली जाते ती जेपेग प्रत. जेपेग फाइल दुरुस्त करून पुन्हा जेपेगमध्येच साठवली, की सामान्यतः आणखी बारकावे झडतात, म्हणून प्रत्येक नवी प्रत मूळ टिफवरूनच काढावी लागते. जेपेगचे पुन्हा टिफ केल्यास फाइल फुगते, पण गेलेला बारकावा परत येत नाही. साठवणुकीची जागा वर्षागणिक स्वस्त होत आली आहे, उलट जीर्ण फेरफाराचे पान पुन्हा स्कॅन करता येईलच याची शाश्वती नसते. त्यामुळे हलकी प्रत तयार झाली एवढ्यावरून जड प्रत पुसून टाकणे, ही बचत नव्हे, पुराव्याचीच काटछाट ठरते.