काडतूस, काटकसर आणि कायदा

पोर्तुगीजांकडून मराठीत जे शब्द आले त्यांत 'काडतूस' हा एक मानला जातो. शब्द आपल्या घरात रुळला. वस्तू मात्र दुकानातून आणायची, ती घरी करायची नव्हे, अशीच आपली समजूत राहिली. अमेरिकेत तसे नाही. तेथे बार उडाल्यावर उरलेली पितळी पुंगळी जपून ठेवून ती घरच्या मेजावर पुन्हा भरणे हा शिकाऱ्यांचा आणि नेमबाजांचा जुना उद्योग आहे. १८८४ च्या सुमारास कनेक्टिकट राज्यात जॉन बार्लो यांनी सांडशीच्या घडणीचे एक हातहत्यार या कामासाठी बाजारात आणले. १९५८ मध्ये विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली यांनी त्याहून स्वस्त व सुटसुटीत संच तयार केला. पुढे निघालेल्या त्यांच्या संचांना एक साधा हातोडा पुरे होऊ लागला. १९६८ च्या तेथील कायद्यानुसार विक्रीसाठी काडतुसे बनविणाऱ्यास संघराज्याचा परवाना लागतो, स्वतःपुरती भरणाऱ्यास लागत नाही.

यामागील हिशेब सरळ आहे. काडतुसात सर्वांत महाग ती पुंगळी, आणि तीच पुन्हापुन्हा वापरता येते. शिसे वितळवून गोळीही घरी ओतता येते. परंतु हे स्वावलंबन पुंगळीच्या बुडाशी येऊन थांबते. तेथे बसणारी इवलीशी स्फोटक टोपी कारखान्यातूनच आणावी लागते. २०२० मध्ये महासाथीच्या काळात मागणी वाढली आणि या टोप्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या, तेव्हा घरोघरी जपलेल्या पुंगळ्या नुसत्याच पडून राहिल्या. दुसरी मर्यादा याहून गंभीर आहे. कित्येक पुंगळ्यांत आजच्या दारूचे नेमके माप निम्मी जागाही व्यापत नाही. लक्ष विचलित होऊन तेच माप दुबार पडले, तर बंदूक फुटून भरणाऱ्याचा हात किंवा डोळा जातो. कारखान्यात चूक पकडणारी यंत्रणा असते. घरी केवळ एका माणसाचे अवधान.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाने परवान्याविना दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. पण त्याच कायद्याच्या तेराव्या कलमात पीकराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे, हेही विसरता कामा नये. ही बंदूक दर बाराला हातानेच भरावी लागते. म्हणजे ज्या अवधानाची गोष्ट आपण अमेरिकेसंबंधी वाचतो, त्याची गरज आपल्या डोंगरपायथ्याच्या शेतकऱ्यालाही आहे. त्याला ते शिकवितो कोण?

रानडुकरांचा कळप एका रात्रीत भाताचे उभे शेत लोळवतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे अकरावे कलम उभ्या पिकाच्या रक्षणासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांना काही अधिकार देते. पण निर्णय हंगाम संपण्यापूर्वी झाला तरच त्या अधिकाराचा शेतकऱ्याला उपयोग. परवान्याचा अर्ज टेबलावर आणि नुकसानभरपाई कागदावर राहिली, तर हताश माणूस चोरट्या गावठी बंदुकीकडे आणि अडाणी दारूकडे वळतो. कायद्याने बंदी घालणाऱ्या शासनावर संरक्षण देण्याचे कर्तव्यही येते. परवान्याबरोबर सुरक्षित हाताळणीचे शिक्षण आणि पीक उभे असतानाच निर्णय, एवढे शासनाने केले तरी पुष्कळ अपघात आणि पुष्कळ गुन्हे टळतील.