मेरी डिसूझा आणि चौघींची शर्यत

वसंतातील व्याख्यानांस जमणाऱ्या मंडळींना संतवाङ्मय, इतिहास, शेती, अर्थकारण हे विषय परिचयाचे आहेत. त्यांच्या पंगतीत धावण्याच्या शर्यतीलाही पाट मांडलेला पाहून कोणी म्हणेल, की पळणे हा काय समजावून सांगण्याचा विषय आहे? ज्याचे पाय चपळ तो पुढे जातो, एवढेच ना? आम्हांसही एके काळी तसेच वाटत असे. परंतु मुंबईच्या मेरी डिसूझा या धावपटू स्त्रीचा क्रीडाजीवनक्रम पाहिल्यावर आमचे मत बदलले. एकटीने धावताना जी जगाच्या शर्यतीत पहिल्याच फेरीत मागे पडली, तीच पुढे दोन वर्षांनी इतर तिघींबरोबर धावून साऱ्या आशियात पहिली आली. हे कसे घडले आणि त्यात आपल्या मैंदर्गीकरांनी घेण्यासारखे काय आहे, हे आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

प्रथम काळाची थोडी कल्पना हवी. आधुनिक ऑलिंपिक सामने १८९६ साली सुरू झाले, त्या वेळी त्यांत एकही स्त्री नव्हती. त्या सामन्यांचे जनक कुबेर्तँ यांनाच स्त्रियांनी तेथे उतरावे हे मान्य नव्हते. धावण्याच्या शर्यतींत स्त्रियांना प्रवेश मिळाला तो १९२८ साली, ॲम्स्टरडॅम येथे. त्या वर्षी आठशे मीटरच्या शर्यतीनंतर काहीजणी थकून बसल्या. झाले! बायकांना हे झेपावयाचे नाही, अशी ओरड झाली आणि ती शर्यत बंद पडली, ती थेट १९६० पर्यंत. पुरुषही शर्यतीनंतर थकून आडवे होतात, परंतु त्यांची शर्यत कोणी बंद केली नाही. प्रगत म्हणविणाऱ्या देशांची ही तऱ्हा, तर आपल्याकडे मुलींनी मैदानावर धावण्याला काय मान असेल, हे सांगावयास नको.

अशा काळात, १९३१ साली, मेरी डिसूझा यांचा जन्म मुंबईतील वांद्रे येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. धावणे आणि हॉकी या दोन्ही खेळांत त्यांनी नाव मिळविले. मार्च १९५१ मध्ये दिल्लीस पहिले आशियाई सामने भरले, त्यात वयाच्या विसाव्या वर्षाच्या आतच त्यांनी दोनशे मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले, आणि चार गुणिले शंभर मीटरच्या रिले शर्यतीत त्यांच्या संघाला रौप्यपदक मिळाले. त्याच सामन्यांत रोशन मिस्त्री यांनी शंभर मीटरमध्ये रौप्यपदक पटकाविले. स्वातंत्र्यास चार वर्षेही झाली नव्हती, तोच आपल्या मुली आशियाच्या पंक्तीत जाऊन बसल्या होत्या.

पुढल्या वर्षी हेलसिंकीचे ऑलिंपिक आले. स्वतंत्र भारताकडून ऑलिंपिकला गेलेल्या पहिल्या स्त्रिया चौघी. धावण्यासाठी नीलिमा घोष व मेरी डिसूझा, आणि पोहण्यासाठी डॉली नाझीर व आरती साहा. नीलिमा सतरा वर्षांच्या, आरती तर अवघ्या अकरा वर्षांच्या! निवड झाली, पण जाण्याला पैसा कोठून आणावयाचा? सरकारची थैली अपुरी होती. तेव्हा मेरीबाईंच्या मित्रमंडळींनी व शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नृत्याचा कार्यक्रम केला, पत्त्यांच्या खेळाचा मेळावा भरविला आणि प्रवासासाठी वर्गणी जमविली.

ही गोष्ट ऐकताना आपणांस दुसरी एक हकीकत आठवल्याशिवाय राहणार नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव याच हेलसिंकीला गेले होते. त्यांच्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. खाशाबांनी कांस्यपदक आणून त्या ऋणाची फेड केली. वांद्र्याच्या मुलीमागे वांद्र्याची आळी उभी राहिली आणि गोळेश्वरच्या पैलवानामागे त्याचे गुरुजन.

हेलसिंकीत मेरी डिसूझा शंभर व दोनशे मीटर या दोन्ही शर्यतींत धावल्या आणि दोहोंतही पहिल्या फेरीतच बाद झाल्या. वर्तमानपत्राच्या दृष्टीने गोष्ट येथेच संपते. परंतु आमच्या विषयाचा आरंभ येथूनच होतो. कारण त्याच मैदानावर त्याच सामन्यांत स्त्रियांची रिले शर्यत झाली आणि तिच्यात जे घडले, त्यावरून ही शर्यत म्हणजे काय चीज आहे, ते स्पष्ट कळते.

ऑस्ट्रेलियाच्या मार्जोरी जॅक्सन हिने शंभर मीटरची शर्यत ११.५ सेकंदांत जिंकली होती. तिसरी आणि चौथी आलेल्याही ऑस्ट्रेलियाच्याच. अशा तिघी ज्या संघात, त्याला कोण हरविणार? उलट अमेरिकेच्या चौघींपैकी शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीपर्यंत पोहोचलेली एकच, आणि तीही सहावी. रिले सुरू झाली. शेवटच्या अदलाबदलीत ऑस्ट्रेलियाची दांडी, जिला बॅटन म्हणतात, जॅक्सनच्या हातातून सुटली. ती उचलून पुन्हा धावेपर्यंत सारा खेळ आटोपला. ऑस्ट्रेलिया पाचवी आली आणि अमेरिका ४५.९ सेकंदांत पहिली.

आता एक हिशेब करून पाहू. ४५.९ ला चाराने भागले, तर भागाकार साडेअकरा सेकंदांहून किंचित कमीच येतो. म्हणजे ज्या चौघींपैकी एकटीलाही जॅक्सनला गाठता आले नव्हते, त्या चौघींची सरासरी जॅक्सनच्या विजयी वेळेहून सरस ठरली! यात जादू काही नाही. एकटीच्या शर्यतीत प्रत्येकीला जागच्या जागी उभे राहून सुरुवात करावी लागते आणि शरीराला पूर्ण वेग येईपर्यंत काही काळ वाया जातो. रिलेमध्ये हा तोटा फक्त पहिलीला सोसावा लागतो. उरलेल्या तिघी बॅटन हाती येण्यापूर्वीच धावू लागलेल्या असतात. म्हणून या शर्यतीत चार मुलींच्या वेगांची नुसती बेरीज करून भागत नाही. तीन अदलाबदली कशा होतात, त्यावर निकाल लागतो.

ही अदलाबदल आपल्या खो-खोवरून चटकन समजेल, परंतु उलट्या रीतीने. खो-खोत पाठीवर थाप पडून ‘खो’ मिळाल्याशिवाय बसलेल्या गड्याने उठावयाचे नसते. आधी उठला तर चूक. रिलेत मात्र खो मिळण्यापूर्वीच उठून पळावयाचे असते! मागून येणारी मुलगी जमिनीवरील एका ठरावीक खुणेवर आली, की पुढची मान न वळविता सुसाट निघते. मागचीने हाक दिली, की ती आपला हात मागे करते आणि बॅटन तिच्या पंजात पडते. हे सारे वीस मीटरच्या आखलेल्या पट्ट्यात उरकावे लागते. पट्ट्याबाहेर बॅटन दिली, तर संघ बाद. पुढे १९६३ पासून वेग घेण्यासाठी आधीचे दहा मीटर अधिक मिळू लागले आणि २०१७ च्या अखेरीस सगळा मिळून तीस मीटरचा पट्टा झाला. मेरीबाईंच्या वेळी ही सवलत नव्हती. वीस मीटर म्हणजे त्या वेगाने जेमतेम अडीच सेकंद. तेवढ्यात एकीने वेग पकडावयाचा, दुसरीने तो सोडावयाचा नाही आणि दोघींनी एकमेकींवर डोळे मिटून विश्वास ठेवावयाचा. लवकर निघाली तर बॅटन पोहोचत नाही, उशिरा निघाली तर मागची अंगावर आदळते.

ती बॅटनही वजनाने काहीच नसते. वीतभराहून थोडी लांब, आतून पोकळ नळी. परंतु पंच पाहतात ते तिच्याकडे. धावणारीचे पाय कोठे आहेत, हे अदलाबदलीच्या वेळी मोजले जात नाही. बॅटन कोठे आहे, हे मोजले जाते.

हेलसिंकीला भारताच्या धावणाऱ्या स्त्रिया दोनच होत्या. दोघींनी रिले होत नाही. मेरीबाईंचा जो खरा खेळ, तो त्यांना तेथे खेळताच आला नाही, असे आम्ही म्हणू. तो खेळावयास मिळाला १९५४ च्या मे महिन्यात, मनिला येथील दुसऱ्या आशियाई सामन्यांत. या वेळी संघ पुरा होता. क्रिस्टीन ब्राऊन, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी डिसूझा. यांपैकी स्टेफी मूळच्या गोव्याच्या. त्या वेळी वय वर्षे सतरा. तीन वर्षांपूर्वी दिल्लीस ज्या जपानने हे सुवर्णपदक नेले होते, त्या जपानला मागे टाकून या चौघींनी ४९.५ सेकंदांत शर्यत जिंकली. आशियाई सामन्यांत भारतीय स्त्रियांना मिळालेले हे पहिले सुवर्णपदक होय. एकटीने धावून असे सुवर्णपदक मिळविणारी भारतीय स्त्री निघण्यास त्यानंतर आणखी सोळा वर्षे जावी लागली. १९७० साली बँकॉक येथे कमलजित संधू यांनी चारशे मीटरमध्ये ते मिळविले.

यावरून कोणी असे समजू नये, की मनिलानंतर सर्व काही सुरळीत चालले. मेरीबाई हॉकीच्या संघातूनही परदेशी खेळल्या, १९५३ साली इंग्लंडात आणि १९५६ साली ऑस्ट्रेलियात. दोन निरनिराळ्या खेळांत देशाचे प्रतिनिधित्व करणारी अशी स्त्री त्या काळी विरळाच. स्टेफी डिसूझा यांनी १९५८ साली टोकियोच्या आशियाई सामन्यांत दोनशे मीटरचे रौप्यपदक मिळविले, १९६३ साली त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला आणि १९६४ साली त्या टोकियो ऑलिंपिकात चारशे मीटर धावल्या. स्त्रियांची ती शर्यत ऑलिंपिकात प्रथमच होत होती. एकेकटीची अशी वाटचाल चालू राहिली. परंतु ज्या रिलेने पहिले सोने आणले, तिचा संघ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला गेलाच नाही. ऑलिंपिकच्या रिलेत भारतीय स्त्रिया धावल्या त्या १९८४ साली, लॉस एंजेलिस येथे, चार गुणिले चारशे मीटरमध्ये. वल्सम्मा, वंदना राव, शायनी अब्राहम आणि पी. टी. उषा यांनी अंतिम फेरी गाठून सातवा क्रमांक मिळविला. मनिला ते लॉस एंजेलिस हे अंतर तीस वर्षांचे! मधल्या काळात देशात चपळ पायांच्या मुली जन्मल्याच नाहीत काय? जन्मल्या असल्या पाहिजेत. बॅटन पुढे न्यावयाला हात तयार होते, ती देणारा हात पुढे आला नाही, असे म्हणणे भाग आहे.

जेव्हा तो हात नेमाने पुढे येऊ लागला, तेव्हा काय झाले, हेही पाहावे. २००२ पासून २०१८ पर्यंतच्या पाचही आशियाई सामन्यांत चार गुणिले चारशे मीटरचे सुवर्णपदक भारतीय स्त्रियांनी मिळविले. २०२३ साली हांगचौ येथे रौप्यपदक मिळविणाऱ्या संघात मुंबईची ऐश्वर्या मिश्रा होती. शिबिरे, शिक्षक, मैदाने आणि एकत्र सराव यांचे हे फळ आहे. मेरी डिसूझा यांना सरकारचा ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २०१३ साली, मनिलाच्या विजयानंतर एकोणसाठ वर्षांनी. पुरस्कार मिळाला याचा आनंद आहेच. पण ऐंशी ओलांडलेल्या बाईंच्या हाती तो देताना अदलाबदलीचा पट्टा आपण केव्हाच ओलांडून गेलो होतो, हेही कबूल केले पाहिजे.

आता आपल्या गावाकडे वळू. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा जेथे एकाच ओट्यावर ऐकू येतात, अशा या सीमेवरच्या मैंदर्गीत चपळ मुली नाहीत, असे कोण म्हणेल? लंगडीत आणि खो-खोत त्या भल्याभल्यांना दम देतात. परंतु सातवी-आठवीचा वर्ग आला, की ‘आता ती मोठी झाली’ असे एक वाक्य घरात उच्चारले जाते आणि तिचे मैदान सुटते. ते वाक्य बहुधा मायेपोटी येते, हे आम्ही जाणतो. पण त्याचा परिणाम ॲम्स्टरडॅमच्या त्या ओरडीसारखाच होतो. आठशे मीटरची शर्यत बत्तीस वर्षे बंद राहिली. येथे एकेका मुलीची शर्यत कायमची बंद होते.

मैंदर्गीतून ऑलिंपिकपटू निघालाच पाहिजे, असा आमचा हट्ट नाही. आम्ही मागतो ते फार थोडे आहे. शाळेच्या मैदानावर फक्की मारून गोल आखावा, अदलाबदलीचे पट्टे दाखवावे आणि प्रत्येक वर्गातून मुलींचा चौघींचा एक संघ करावा. बॅटन विकत आणावयास नको. सुताराकडून हातभर काठी तासून तिचे तुकडे केले, तरी शिकण्यापुरते पुष्कळ झाले. एकटीला मैदानावर पाठविताना आईबापांना जो संकोच वाटतो, तो चौघी मिळून गेल्या तर उणावेल. शिवाय ज्या मुलीचा वेग सर्वांत अधिक नाही, तिलाही या शर्यतीत मानाची जागा आहे. कारण तिचा हात चुकला, तर वेगवान मुलीचा वेग फुकट जातो.

वांद्र्याच्या शेजाऱ्यांना धावण्याचे शास्त्र ठाऊक होते, असे नाही. आपल्या आळीतील एक मुलगी धावते आहे आणि तिच्या हाती काही तरी द्यावयाचे आहे, एवढे त्यांना कळले. आणि ते त्यांनी वेळेवर दिले. उद्या सकाळी शाळेच्या वाटेवर धावत जाणारी मुलगी दिसली, तर मैंदर्गीकरांनी तिला ‘हळू जा’ म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढीच आमची विनंती आहे.