माझी संचिका

[वर्षभराच्या कामातील निवडक नमुने जपून ठेवले, तर आपली प्रगती आपल्यालाच दिसते. असा संग्रह कसा करावा आणि त्याचे मूल्यमापन कसे होते, हे या पाठात सांगितले आहे.]

वर्षाच्या शेवटी तुमच्या हाती गुणपत्रक येते. मराठी विषयापुढे एक आकडा असतो. समजा, ५२. हा आकडा खोटा नसतो; पण तो परीक्षेच्या दिवसापुरता असतो. जूनमध्ये तुम्हांला मराठीत जेमतेम चार वाक्ये लिहिता येत होती आणि मार्चमध्ये तुम्ही पानभर पत्र लिहू लागलात, हे तो आकडा सांगत नाही. ते तुमची संचिका सांगते.

संचिका म्हणजे आपल्या कामाचे निवडक नमुने तारखेनुसार लावून ठेवलेली फाइल. तिलाच पोर्टफोलिओ असेही म्हणतात. महाराष्ट्रात २०१० मध्ये पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. केवळ परीक्षा न पाहता वर्षभराचे काम पाहावे, हा त्यामागचा विचार आहे.

उर्दू वाचणाऱ्यांना ही कल्पना परकी वाटू नये. शागीर्द आपली रचना उस्तादाला दाखवी आणि उस्ताद तिची 'इस्लाह', म्हणजे दुरुस्ती करून देत. मिर्झा गालिब (१७९७-१८६९) यांचे शागीर्द मुन्शी हरगोपाल तफ्ता आपल्या रचना त्यांच्याकडे टपालाने पाठवीत. गालिब त्या तपासून परत पाठवीत. असा दुरुस्त केलेला कागद म्हणजे शागीर्दासाठी एक धडाच असे.

आता सांगा, लाल शाईने भरलेले पान तुम्ही काय करता? बरेच जण ते फाडून टाकतात आणि स्वच्छ प्रत तेवढी ठेवतात. असे करू नका. समजा, एकाने लिहिले, 'माझी पुस्तक शाळामध्ये राहिली.' उर्दूत 'किताब' स्त्रीलिंगी आहे आणि लिंगे दोनच आहेत; म्हणून ही चूक झाली. नंतर त्याने लिहिले, 'माझे पुस्तक शाळेत राहिले.' नुसते दुसरे वाक्य पाहिले, तर त्यात विशेष काही वाटत नाही. दोन्ही शेजारी ठेवली, की तो काय शिकला हे कळते. म्हणून पहिला खर्डा आणि सुधारलेली प्रत दोन्ही ठेवा.

संचिका तयार करणे सोपे आहे. एक साधी फाइल घ्या. उर्दूची पाने उजवीकडून सुरू होतात, मराठीची डावीकडून. म्हणून मराठीसाठी वेगळी फाइल ठेवा. सगळेच कागद भरू नका. महिन्याला एक-दोन नमुने पुरेत : निबंध, पत्र, बातमी, नव्या शब्दांची यादी. प्रत्येकावर तारीख घाला आणि एक चिठ्ठी जोडा. तिच्यात तीन प्रश्नांची उत्तरे लिहा : हे पान मी का निवडले? यात मला काय जमले? अजून काय जमायचे आहे?

ही चिठ्ठी स्वतः लिहा. गाइडमधून उतरवलेला निबंध सुंदर दिसेल. पण त्यातून तुमची प्रगती कशी दिसणार? मुखपृष्ठावरच्या वेलबुट्टीलाही गुण नसतात.

मूल्यमापन करताना शिक्षक मुख्यतः चार गोष्टी पाहतात : विचार स्पष्ट मांडला आहे का, शब्द वाढले आहेत का, जुन्या चुका कमी झाल्या आहेत का आणि सुधारणेसाठी कष्ट घेतले आहेत का. या कसोट्या आधीच विचारून घ्या. केवळ 'छान' या शेऱ्यावर समाधान मानू नका. 'लिंग सुधारले, ळ आणि ल यांत अजून गोंधळ आहे' असा शेरा अधिक उपयोगी पडतो, कारण पुढे काय करायचे हे तो सांगतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. रत्नागिरीकडच्या अनेक मुस्लीम घरांत कोकणी बोली बोलली जाते; तेथील मुलाला मराठी जवळची वाटते. मालेगावच्या एखाद्या मोहल्ल्यातील मुलीच्या कानी मराठी बहुधा शाळेतच पडते. दोघांची सुरुवात एका रेषेवरून होत नाही. म्हणून संचिकेत तुमची तुलना शेजाऱ्याशी नसते. तुमच्या मार्चच्या पानाची तुलना तुमच्याच जूनच्या पानाशी असते.

परीक्षा तर द्यायचीच आहे. पण आज तपासून मिळालेले पान फेकू नका. त्यावर तारीख घाला आणि ते फाइलमध्ये ठेवा. तुमच्या संचिकेचे ते पहिले पान होईल.

शब्दार्थ
खर्डा - कच्चे लिखाण
शेरा - तपासणाऱ्याने लिहिलेले मत
कसोटी - पारखण्याचे साधन
वेलबुट्टी - नक्षी

स्वाध्याय
१. गुणपत्रकातील आकडा कोणती गोष्ट सांगत नाही?
२. पहिला खर्डा का जपून ठेवावा?
३. तुमच्या वहीतील एक दुरुस्त केलेले पान निवडा आणि त्याला जोडण्यासाठी चिठ्ठी लिहा.