वर्गणीतून उभा राहिलेला पडदा

फेब्रुवारी २००४. मुंबईत प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात माहितीपट बनवणाऱ्यांनीच एक महोत्सव भरवला आणि त्याला नाव दिलं ‘विकल्प’. कारण ताजं होतं. सरकारची फिल्म्स डिव्हिजन तेव्हा १९९०पासून दर दोन वर्षांनी भरवत होती त्या ‘मिफ’मध्ये, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, त्या वर्षी भारतीय चित्रपटांना सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची अट घालण्यात आली होती; परदेशी चित्रपटांना मात्र ती नव्हती. देशभरचे दिग्दर्शक एकत्र आले, अट मागे घ्यावी लागली. पुढे निवडीच्या टप्प्यावर सत्तेला अडचणीचे ठरतील असे बरेच चित्रपट गळाले. त्यात गुजरातच्या २००२च्या हिंसाचारावरचा राकेश शर्मांचा ‘फायनल सोल्यूशन’ही होता. तो ‘विकल्प’मध्ये दाखवला गेला. प्रवेश सगळ्यांना खुला होता. त्याच वर्षी सेन्सॉर मंडळाने या चित्रपटाला प्रमाणपत्र नाकारलं, तेव्हा शर्मांनी प्रती फुकट वाटायला सुरुवात केली. अट एकच, घेणाऱ्याने आणखी पाच प्रती काढून पुढे द्यायच्या. ऑक्टोबरात प्रमाणपत्र मिळालं, पण तोवर चित्रपट लोकांपर्यंत पोचला होता.

‘विकल्प’ने सेन्सॉरचा प्रश्न ऐरणीवर आणला. पैशाच्या प्रश्नाला थेट हात घातला तो गोरखपूरने. मार्च २००६, भगतसिंगांच्या हौतात्म्याला पंचाहत्तर वर्षं होत होती. जन संस्कृती मंच या संघटनेच्या पुढाकाराने, संजय जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे ‘प्रतिरोध का सिनेमा’ हा महोत्सव सुरू केला. कंपन्यांचं प्रायोजकत्व नको, सरकारी अनुदान नको, स्वयंसेवी संस्थांचा निधीही नको, हा नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतला. मग खर्च भागायचा कसा? प्रेक्षकांनी द्यायचा. ज्याला जमेल तसं. हे गाव काही दिल्ली-मुंबई नाही. पूर्व उत्तर प्रदेशातल्या अशा शहरात माहितीपटाला प्रेक्षक मिळेल, यावर तेव्हा किती जणांचा विश्वास असेल? तरीही महोत्सव टिकला, आणि पुढे लखनौ, पाटणा, नैनिताल, भिलाई, उदयपूर इथवर पसरला.

या रीतीचा एक पूर्वज केरळात आहे. मल्याळम दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांच्या ‘ओडेसा’ गटाने गावोगाव चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवून, लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करून ‘अम्मा अरियन’ (१९८६) बनवला. तिथे वर्गणीतून चित्रपट घडला, गोरखपूरला प्रदर्शन. कोलकात्यात ‘पीपल्स फिल्म कलेक्टिव्ह’ २०१३ साली स्थापन झालं आणि जानेवारी २०१४पासून त्यांचा महोत्सव याच नियमाने भरतो.

वर्गणीने महोत्सवाचा स्वभावच बदलतो, असं मला मनापासून वाटतं. प्रायोजकाचा फलक नसला की कोणता चित्रपट घ्यायचा हे त्याला विचारावं लागत नाही. शिवाय ज्याने पन्नास रुपये दिले, तो चित्रपट संपल्यावर उठून जात नाही. दिग्दर्शकाला प्रश्न विचारतो, भांडतो, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला घेऊन येतो. ही माणसं वेळेला कशी उभी राहतात ते ऑगस्ट २०१५मध्ये दिसलं. नकुलसिंग साहनींच्या ‘मुझफ्फरनगर बाकी है’ या माहितीपटाचा खेळ दिल्लीतल्या एका महाविद्यालयात विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी बंद पाडला. त्यानंतर २५ ऑगस्टला देशात पन्नासहून अधिक ठिकाणी तो एकाच दिवशी दाखवला गेला. एवढी यंत्रणा पैसे मोजून उभी करता येत नाही.

उणिवाही आहेत, आणि त्या झाकू नयेत. सभागृह मिळवणं, प्रोजेक्टर आणि आवाज तपासणं, पत्रकं वाटणं, खुर्च्या लावणं, हे सगळं तीच चार-सहा माणसं नोकरी सांभाळून करतात आणि काही वर्षांत थकतात. दिग्दर्शकाला तर बहुधा मानधनच नसतं. ज्याने कर्ज काढून चित्रपट केला त्याच्याकडून तो फुकट मागणं मला बरोबर वाटत नाही. जमलेल्या पैशातला ठरावीक वाटा, कितीही लहान असो, त्याच्या हाती आधी पडावा.

महाराष्ट्रात वर्गणी कुणाला शिकवावी लागत नाही. गणेशोत्सव, भीमजयंती, गावची जत्रा, सगळं तिच्यावरच चालतं. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) मुंबईतल्या वस्त्यांमध्ये पडदा लावून दाखवला गेला, तेव्हा या सवयीचं बळ दिसलं होतं. मग जिल्ह्याच्या गावी असा महोत्सव का रुजू नये? माझ्या मते मोठी अडचण भाषेची आहे. बंगाली, मल्याळम, काश्मिरी माहितीपटांवर इंग्रजी उपशीर्षकं असतात आणि ती भराभर वाचणं जिल्ह्यातल्या अनेक प्रेक्षकांना जड जातं. मराठी उपशीर्षकं करायला मोठं भांडवल लागत नाही. भाषा जाणणारे दोघं-तिघं, एक संगणक आणि दिग्दर्शकाची परवानगी पुरते. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी दरवर्षी दोन चित्रपट जरी हाती घेतले, तरी पाच वर्षांत एका विभागाकडे दहा चित्रपट जमतील, आणि शेजारच्या तालुक्यांनाही ते दाखवता येतील.